प्रार्थनेचा विषय

१२ जानेवारी

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझा पोचल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. काकांनी घेतला. खाली आले तर म्हणतात, "पोचली. बरी आहे." म्हटलं, आणखी काय म्हणाली? "आणखी काय म्हणणार? पोचली म्हणजे पोचली." या माणसाकडून बातमी काढायची म्हणजे बाटलीच्या तळातलं तेल काढायचं. उलटी करून ठेवावी आणि वाट बघावी. म्हणून पत्र लिहिते आहे. शिवाय फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस, मी "जेवलीस का" म्हणते, आणि दोघींचं बोलणं तिथेच संपतं.

कागदाला हसू नकोस. मागच्या वर्षीचं कॅलेंडर आहे. पाठ कोरी आहे आणि शाई फुटत नाही. चांगला कागद असताना नवी वही कशाला फाडू?

वरची तुझी खोली झाडून-पुसून ठेवली आहे. दोघीजणी भाड्याने मागायला आल्या होत्या, त्यांना "बघू" म्हटलं. दाराच्या मागे तुझा फिजिओथेरपीचा पांढरा कोट राहिलाय. त्याचं खालचं बटण लोंबत होतं, ते शिवलं. पार्सलने पाठवते.

काका रोज भिंतीशी उभे राहतात. तू शिकवलंस तशी बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवतात, आणि कुठवर पोचली तिथे पेन्सिलीने रेघ मारतात. काल रेघ दाराच्या चौकटीच्या वर गेली. मला हाक मारून दाखवली, जशी काही घराला नवा मजला चढवलाय. स्टुलावरून पडल्यावर तीन डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा हात खांद्याच्या वर जाणार नाही. तू तर भाडेकरू म्हणून आली होतीस. पहिल्याच सकाळी ते शर्टाशी झटापट करत होते ते बघितलंस, हातातली बॅग खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "काका, बघू हात." त्यानंतर दीड वर्ष, ड्यूटीला जायच्या आधी वीस मिनिटं, एक दिवस चुकवला नाहीस. ते शर्ट घालतात तेव्हा मी अजूनही क्षणभर हातातलं काम थांबवते आणि देवाचे आभार मानते. तुझेही मानते. तोंडाने कधी मानले नव्हते, ते इथे मानते.

आता जे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, तेच लिहावं लागतंय. ते सोडून लिहिलं तर पत्र लंगडं होतं.

तुझी ती पेशंट गेली, दोन लेकरांची आई, जिला तू सात महिने उभं करत होतीस. तिथून तुझी प्रार्थना थांबली. "गुडघे टेकते काकू, पण शब्दच येत नाहीत," असं मला म्हणालीस. हे तू दोघींनाच सांगितलंस, एक मला आणि एक तुझ्या त्या नर्स मैत्रिणीला, रेडिओला. पंधरा दिवसांत चर्चमधल्या सगळ्या मंडळीला ठाऊक. बायका तुझा हात दाबून "आम्ही प्रार्थना करतोय हं" म्हणायला लागल्या. पाळकसाहेबांनी तुझा मुलांचा रविवारचा वर्ग "थोडी विश्रांती घे" म्हणून दुसरीकडे दिला. शेवटी मंडळीतल्या, तुझ्याकडे व्यायामाला यायच्या त्या गुडघ्याच्या आजींनी हॉस्पिटलात सांगितलं, मला दुसरी मुलगी द्या, हिचं देवाशी बिनसलंय. त्या दिवशी तू बूट न काढता थेट स्वयंपाकघरात आलीस. "काकू, मी दोघींनाच सांगितलं होतं. तुम्ही तर नाहीच. मग तीच."

तुलाच झालेलं तुलाच कशाला सांगते आहे? रोज मी हे मनात ओळीने मांडते, आणि तुझ्या त्या शेवटच्या वाक्याशी येऊन अडते.

रेडिओ काल आली होती. तुझा पत्ता मागत होती. देऊ नका म्हणालीस, म्हणून दिला नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. अंडी उकडून ठेवावीत, दोन दिवस टिकतात.

तुझी,
काकू


३० जानेवारी

प्रिय लेकी,

सलाम. तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण मी त्या पुरवून पुरवून वाचल्या.

तुझ्या खोलीची खिडकी छापखान्याच्या भिंतीवर उघडते आणि दिवसभर धडधड ऐकू येते म्हणतेस. सवय होईल. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला तुझ्या काकांच्या घोरण्याने झोप लागायची नाही, आता ते गप्प असले की मी उठून बघते. स्वयंपाकघरात भागीदार असलेली ती मुलगी अंड्यांवर पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहून ठेवते, हे वाचून काका पोट धरून हसले. मला ती मुलगी आवडली. तिच्याशी ओळख वाढव.

आणि एक पाय गेलेला तो माणूस, दोन दांड्यांच्या मधून चालताना तुला शिव्या देतो, त्याबद्दल काका म्हणाले, "देऊ दे. शिव्या देतोय म्हणजे त्याला चालायचंय."

रेडिओबद्दल लिहू नका, असं तू खाली दोन रेघा मारून लिहिलंस. या वेळी माफ कर. लिहिते आहे.

ती रविवारी उपासनेनंतर आली. काका भिंतीशी उभे होते, तर म्हणाली, "सरका, आज मी मोजते." तिचं मोजणं तुला माहीत आहे. पाचानंतर एकदम नऊ.

काका म्हणाले, "बाई, मधले कुणी खाल्ले?"

"मी नर्स आहे काका, आमच्यात डोस लवकर संपवतात."

"तरीच तुझे पेशंट लवकर घरी जातात."

"घरीच जातात ना? मग!"

खूप हसली. हसता हसता खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. काका पेपर घेऊन अंगणात गेले.

मला म्हणाली, "काकू, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत आहे. कुणाची सासू पडली, कुणाला बढती मिळाली, सगळं मी सांगते. हॉस्पिटल उगाच मला रेडिओ म्हणत नाही. पण तिचं मी कुणाला नाही सांगितलं. तिने सांगितलं त्या दिवसापासून मी तिचं नावसुद्धा जपून घ्यायचे, चुकून काही बाहेर पडेल म्हणून. आता वॉर्डात मी गेले की मुली बोलायच्या थांबतात. सगळे मलाच धरतात. तुमचा तरी विश्वास आहे ना माझ्यावर?"

"आहे," मी म्हटलं.

"खरंच?"

"तू खोटं बोलत नाहीस, मला माहीत आहे."

मग मी साखर आणायला उठले. साखर चहात घातलेली होती.

तू तिच्याशी एकदा बोललीस तर बरं होईल, एवढंच म्हणते. प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षापासूनची मैत्रीण आहे तुझी. तुला ताप आला होता तेव्हा दोन पाळ्या करून ती तुझ्या उशाशी बसली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माणसाने इतकं ताणू नये.

तुझी,
काकू


१७ फेब्रुवारी

प्रिय लेकी,

आज न लिहिलं तर कधीच लिहिणार नाही, म्हणून आधी तेच लिहिते. तुझी गोष्ट मी सांगितली. रेडिओने नाही. मी.

मागच्या पत्रात तुला मोठ्या तोंडाने "इतकं ताणू नये" लिहिलं, ते परत घेते. ताणत तू नव्हतीस.

सकाळी काका वाटाणे सोलत होते. दोन्ही हातांनी सोलतात आता. वर न बघता म्हणाले, "तिला कधी सांगणार आहेस?"

"काय?"

"बुधवारी जे सांगितलंस ते."

त्या बुधवारी बायकांची प्रार्थना आपल्याकडे होती आणि ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते, हे मी विसरूनच गेले होते. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू बोलशील."

एवढंच म्हणाले आणि पुढची शेंग घेतली. त्यांनी मला रागावायला हवं होतं. रागावले असते तर मी उलट काहीतरी बोलले असते, आणि आजचा दिवसही तसाच गेला असता.

आमची बुधवारची पद्धत तुला माहीत आहे, पण तू नेहमी ड्यूटीवर असायचीस, म्हणून नीट सांगते. दहा-बारा बायका जमतो. आधी गीत, मग शास्त्रवाचन, मग मोठ्या बाई एकेकीला विचारतात, "तुमचा प्रार्थनेचा विषय?" मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्याच. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, आवाज निवृत्त झालेला नाही. कुणी म्हणते मुलाची परीक्षा, कुणी म्हणते नवऱ्याचं ऑपरेशन. मी ते वहीत लिहून घेते, कारण माझं अक्षर सरळ आणि घरखर्च लिहून लिहून रकाने पाडायची सवय. तारीख, विषय, आणि प्रार्थनेचं उत्तर मिळालं की शेवटच्या रकान्यात लाल खूण. त्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आपल्यातली एक तरुण मुलगी आहे. हाताने लोकांना उभं करते. तिला महिनाभर प्रार्थना येत नाही. तिला प्रार्थनेत धरू या."

मी नाव घेतलं नाही. हे मी तीन महिने स्वतःला सांगत आले. नाव कुठे घेतलं? पण आपल्या मंडळीत हाताने लोकांना उभं करणारी तुझ्याशिवाय आहे कोण?

आणि प्रार्थना म्हणूनच सांगितलं, चहाड्या म्हणून नाही, हेही मी स्वतःला सांगत आले. तुझ्या काळजीने माझा जीव थोडा झाला होता. तू जेवताना मान खाली घालायचीस आणि ओठ हलायचे नाहीत, ते मला बघवायचं नाही. वाटलं, माझी एकटीची प्रार्थना अपुरी पडतेय, दहाजणी मिळून मागू.

मग तू बूट घालून स्वयंपाकघरात आलीस आणि म्हणालीस, तुम्ही तर नाहीच. मी गॅस बारीक केला. "हात धू, चहा ठेवते," म्हटलं. खोटं बोलले नाही. नुसतं खरं बोलले नाही, आणि त्या तेवढ्या वेळात तू तुझ्या मैत्रिणीला गमावलंस.

माझ्यावर रागाव. पण रेडिओला फोन कर. तिचं तोंड बंद होतं. माझंच उघडलं.

काकू


१८ फेब्रुवारी, सकाळी

पाकीट अजून चिकटवलं नव्हतं, म्हणून हे आत घालते.

काल लिहिलेलं पुन्हा वाचलं. खरं आहे, पण पुरतं नाही. जीव थोडा झाला होता, काळजी होती, हे सगळं वाचताना मी फारच चांगली बाई वाटते.

त्या बुधवारी माझ्याकडे विषयच नव्हता. त्याआधीचे तीन बुधवारही नव्हता. काकांचा खांदा सुधारत होता, घरात धान्य होतं, कुणी आजारी नव्हतं. शेजारच्या बाईंच्या जावयाची नोकरी गेलेली, दुसरीच्या डोळ्याचं ऑपरेशन, तिसरीची सून माहेरी गेलेली. सगळ्याजणी त्यांच्याकडे वळून बसायच्या. मी नुसती लिहायची. माझी पाळी आली की "काही नाही, देवाचे आभारच, उपकारस्तुती," म्हणायचे आणि मोठ्या बाई "बरं" म्हणून पुढे जायच्या. देवाने इतकं दिलं होतं की माझ्याकडे मागायला काही नव्हतं, आणि मला त्याची लाज वाटत होती. असली बाई कुठे असते का? पण होते मी.

तुझा विषय मी काढला तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. आणि लेकी, मला बरं वाटलं. तुझं दुःख माझ्या हातात होतं आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणून बरं वाटलं.

आता पुरतं झालं. पाकीट चिकटवते.


८ मार्च

प्रिय लेकी,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नाही. इथे जे घडलं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

मी रेडिओच्या वसतिगृहात गेले. तिची दुपारची पाळी होती. पलंगावर बसून ती पांढऱ्या बुटांना पांढरं लावत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बसले असते तर आडवळणं घेतली असती. ती ऐकत होती आणि एकाच बुटाला लावत होती. दुसरा तसाच राहिला.

मग म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, विश्वास आहे का. तुम्ही आहे म्हणालात."

"हो."

"आणि साखर आणायला गेलात."

"हो."

"चहात साखर होती काकू. मी पिऊन बघितला होता. मला वाटलं, काकू किती चांगल्या, मला एकटीला रडू द्यावं म्हणून उठल्या."

मी पलंगाच्या कडेला बसले. रेडिओ बोलत नाही म्हणजे काय असतं, ते तू कधी ऐकलं नसशील, मी ऐकलं. घड्याळ बघून तिने बूट घातले, एक लख्ख आणि एक मळका, आणि ड्यूटीला गेली. दाराशी थांबून एवढंच म्हणाली, "पत्ता द्या." मी दिला. तुझी परवानगी नव्हती. हीही चूक असेल तर माझ्या नावावर घे.

मग बुधवार आला. या वेळी मी वही उघडली नाही. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, माझा विषय मीच आहे, आणि सगळं सांगितलं. तुझ्याबद्दल एक शब्द जास्त बोलले नाही, जेवढा आधीच बोलून बसले होते त्याबद्दलच बोलले.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "पण तुम्ही नाव कुठे घेतलं होतं?"

"नाव सोडून सगळं घेतलं होतं."

"प्रार्थनाच तर केली आपण. पाप थोडंच केलं?"

"प्रार्थना पाच मिनिटं केली. त्यानंतर चहा पिताना अर्धा तास काय केलं?"

ज्या अर्ध्या तासाबद्दल मी बोलत होते तो सगळ्यांना आठवत होता. गुडघ्याच्या आजी कोपऱ्यात होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "मला वाटलं, प्रार्थना नाही तर हाताला यश नाही. आता जी नवी पोरगी येते ती दर वेळी देवाचं नाव घेते आणि माझा पाय असा पिळते की मीच देवाचं नाव घेते. ती आपली बरी होती. विचारून दाबायची." कुणाला हसू आवरलं नाही, मलासुद्धा.

मी वही मोठ्या बाईंपुढे ठेवली. म्हटलं, दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा चौथीत गेले.

"मग आता काय, विषय घ्यायचेच बंद करायचे?"

"नाही बाई. ज्याचा विषय त्याला विचारून घ्यायचे."

"मग तूच लिही. एकदा हात भाजलेली बाई जपून लिहिते." आणि वही माझ्या मांडीवर परत ठेवली.

पाळकसाहेब घरी आले होते. तुझा वर्ग काढून घेतला ते घाईचं झालं म्हणाले. तुला स्वतः लिहिणार आहेत. लिहिलं तर वाच, नाही वाचलंस तरी मी काही म्हणणार नाही.

काकांना मी विचारलं, मंडळीत हा विषय निघाला तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? म्हणाले, "मला कळलंच नाही, एवढं काय झालं ते. ती माझा हात धरून बारापर्यंत मोजायची तेव्हा मला वाटायचं, हिचं चाललंच आहे की." ते त्यांच्या परीने बोलले. तुला पटलं नाही तर सोडून दे.

तुझी,
काकू


२१ मार्च

प्रिय लेकी,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. "पत्र वाचलं. रेडिओला फोन केला. तुमच्यावर राग आहे, सध्या लिहू नका."

बरं.

काकू


६ मे

प्रिय लेकी,

सलाम. तू लिहू नका म्हणालीस, मी लिहिलं नाही. दोन वेळा कॅलेंडरचं पान फाडून घेतलं आणि परत अडकवलं. आता तूच लिहिलंस, तेही पाच पानं! टपालवाल्याने पाकीट दिलं तेव्हा वजन बघून मला वाटलं, वीजमंडळाची नोटीस आली.

रेडिओ तुझ्याकडे तीन दिवस राहून गेली, हे तिच्याकडून आधी कळलं होतं. तुझं पत्र यायच्या आधीच ती आली. दारातून सुरू झाली ती चपला काढेपर्यंत निम्मी गोष्ट सांगून मोकळी. छापखान्याची धडधड, अंड्यांवरचं नाव, तुमची दोघींची एका पलंगावरची झोप, तुझ्या लाथा. एक पाय गेलेल्या त्या माणसाने तिलाही शिव्या दिल्या आणि तिने त्याला परत दिल्या, आणि आता तो तुला विचारतो की ती बाई पुन्हा कधी येणार. काका ऐकत होते. ती गेल्यावर म्हणाले, "रेडिओ दुरुस्त झाला." सबंध दिवसात ते एवढंच बोलले, पण दोनदा बोलले.

माझ्याशी ती पहिल्यासारखी आहे असं म्हणणार नाही. चहाला थांबते, साखर स्वतः घेते. पुष्कळ झालं. मी त्याबद्दलही आभार मानते.

चर्चला जातेस का, प्रार्थना येते का, हे मी तिला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तुलाही विचारत नाही. विचारायची सवय मोडते आहे, अवघड जातंय. परवा भाजीवाल्याला त्याच्या बायकोची तब्येत विचारता विचारता थांबले, तर तोच म्हणाला, "काय बाई, आज माझं काही चुकलं का?"

तू लिहिलंस, राग अजून पुरता गेलेला नाही, पण त्या दीड वर्षातल्या सकाळी आठवल्या की तो फार वेळ टिकत नाही. इस्त्रीचे कपडे, बाहेर काढून ठेवलेली छत्री, डब्यात सगळ्यात खाली लपवलेलं अंडं. अगं, त्यात काय एवढं. आईने करावं तेवढंच केलं. आईने जे करू नये ते केलं त्यामानाने ते थोडंच. राग आहे तोवर असू दे. मला तो चालतो. तू मला लिहिलंस, माझ्याशी भांडलीस, हेच मला मागूनही मिळालं नसतं.

तुझं शेवटचं पान वाचलं. वर तू लिहिलंस, "हे फक्त तुम्हाला. रेडिओलासुद्धा अजून सांगितलेलं नाही."

ते वाचून मी पाण्याचा पेला घेतला आणि तसाच धरून बसले. मग ते पान दुसऱ्यांदा वाचलं. इथे त्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही, पत्र कुणाच्याही हातात पडू शकतं. तू जे विचारलंस त्याचं माझं उत्तर हो आहे. एवढं तुला कळेल.

काका समोर बसले होते. म्हणाले, "काय लिहितेय?"

"बरी आहे म्हणते."

"पाच पानं बरी आहे?"

"अक्षर मोठं काढते."

त्यांनी पेपर उघडला. पेपरामागून म्हणाले, "छान."

आज बुधवार होता. प्रार्थना मोठ्या बाईंच्या घरी होती. मी वही मांडीवर घेऊन रकाने पाडले. एकीच्या नातवाला गोवर, एकीच्या घराचं छत गळतं. दोन्ही ज्यांचे त्यांना विचारून लिहिले. मग मोठ्या बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचा विषय?"

"उपकारस्तुती," मी म्हटलं.

"कशाबद्दल?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"आहे एक," म्हटलं आणि डोळे मिटले.

तुझी,
काकू